आबांनी नातू मागितला: दोन आजोबा, दोन नातवंडं आणि तीन एकर जमीन

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातलं एक गाव आणि नांदेड जिल्ह्यातलं दुसरं गाव यांच्यामधलं. गावांची-माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. माणसांचा उल्लेख नात्यानंच केला आहे: वडिलांकडचे आजोबा ते आबा, आईकडचे ते नाना. समुपदेशन आणि मध्यस्थीचं काम करणाऱ्यांना, शाळेतल्या शिक्षकांना आणि अशा बैठकीत ज्यांना बसावं लागतं त्या गावकऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

आबा ६८ वर्षांचे, कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन, तूर, मागून हरभरा. दोन मुलगे. थोरल्याचं लग्न झालं तेव्हाच आबांनी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलमधून वाटणी करून तीन एकर त्याच्या नावावर करून दिली होती. कागदावर वाटणी, पण औत एक आणि चूल एक. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं.

नानांशी सोयरीक जुळली ती हाळी-हंडरगुळीच्या बैल बाजारात. आबांची देवणी जोडी, नानांची लाल कंधारी. सौद्यावरून दोघांत आधी वाद झाला, मग चहा, मग ओळख, आणि तीनेक वर्षांनी लेकीचा विषय. दोघं एकमेकांना "पाव्हणं" म्हणायचे. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण प्रकरण पुढं ज्या टोकाला गेलं, तिथं पोचल्यावर हे दोघं मुळात एकमेकांना आवडणारे लोक होते याचा सगळ्यांनाच विसर पडला होता.

जून २०२३ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, बियाण्याच्या पिशव्या घेऊन येताना थोरला दुचाकीच्या अपघातात गेला. वय ३४. मागं २९ वर्षांची बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. सव्वा महिना झाल्यावर नाना आले आणि "चार दिवस राहून येईल" म्हणून लेकीला आणि नातवंडांना घेऊन गेले. पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या, दिवाळी झाली. सून परतली नाही. मुलीचं नाव माहेरच्या गावातल्या शाळेत घातलं, मुलगा तिथल्याच अंगणवाडीत जाऊ लागला.

ती का परतली नाही, याची दोन कारणं पुढं तिनंच सांगितली. पहिलं, नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता तोच भावकीतल्या बायकांनी दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा विषय तिच्या कानावर घातला. ज्याला ती "भावजी" म्हणत आली, ज्याच्या ताटात वाढत आली, त्याच्याशी. सासू-सासऱ्यांनी तो विषय काढला नव्हता, पण मोडलाही नव्हता. दुसरं कारण पैशाचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मिळणारे दोन लाख रुपये तिच्या खात्यावर आले. घरात त्यावरून कुणी उघड भांडलं नाही. पण खतवाल्याची उधारी कुणी भागवायची हा प्रश्न रोज जेवताना निघायचा.

प्रश्न नेमका काय होता

आबांना विचारलं तर ते एकच सांगायचे: "माझ्या लेकाची निशाणी हाय. नातू माझ्याजवळ राहू द्या, मला दुसरं काय बी नको." सुनेला विचारलं तर तिचंही एकच: "मामांना (म्हणजे सासऱ्यांना) लेकरू नको, लेकराच्या नावची जमीन पाहिजे."

दोन्ही बाजू जितक्या खऱ्या तितक्याच चुकीच्या होत्या. आबांची माया खोटी नव्हती. पण त्यांनी दरम्यान एक गोष्ट केली होती: वारस नोंदीला तलाठ्याकडे लेखी हरकत घेतली होती. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं होतं की नाव लागलं की सून जमीन विकून मोकळी होईल. हरकतीमुळं फेरफार, म्हणजे सात-बारावर वारसांची नावं लावण्याची नोंद, तक्रारी नोंदीत गेला आणि अडकला. तिकडं सुनेच्या भावानं त्याचा अर्थ सरळ लावला: म्हातारा जमीन गिळायला बसलाय.

इथं कायदा काय म्हणतो हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. बाप पहिल्या वर्गात येत नाही. म्हणजे तीन एकरांचे, १२० गुंठ्यांचे, चार सारखे वाटे: सून, नात, नातू आणि आजी, प्रत्येकी ३० गुंठे. आबांचा त्यात वाटाच नव्हता. जी जमीन त्यांनी स्वतः नावावर करून दिली, जिच्यात त्या वर्षीही पेरणी त्यांनीच केली, तिच्यावर त्यांचा कागदोपत्री हक्क शून्य, आणि त्यांच्या बायकोचा मात्र पाव हिस्सा. हे ऐकल्यावर आबा बराच वेळ आजीकडं बघत राहिले. आजी म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? मी काय मागितलं व्हतं का?"

नऊ वर्षांची नात या सगळ्यात कुठंच नव्हती. तक्रारीत नाही, मागणीत नाही, भांडणात नाही.

शाळेपाशी घडलेला प्रसंग

२०२४ ची वेळा अमावस्या ११ जानेवारीला होती. लातूर-धाराशिव पट्ट्यात या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळी शेतात. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पांडव, मडक्यात आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्याला शेत नाही त्याला आग्रहानं बोलावणं. लेकरांसाठी तर दिवाळीपेक्षा मोठा दिवस. पोरगा गेल्यानंतरची ही पहिलीच वेळा अमावस्या.

आदल्या दिवशी आबा एसटीनं नांदेड जिल्ह्यातल्या त्या गावी गेले. वयामुळं अर्धं तिकीट. पिशवीत हरभऱ्याचे ढाळे. व्याह्याच्या घरी न जाता ते थेट अंगणवाडीत गेले आणि सेविकेला म्हणाले, "मी ह्याचा आजा. शेतात नेतो, परवा आणून सोडतो." सेविकेनं आईला फोन लावला, तो लागला नाही. नातू आधी ओळखीना, मग ढाळ्यातले हिरवे दाणे खात खात मांडीवर बसला. आबांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि स्टँडची वाट धरली.

अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात. मधली सुट्टी होती. नातीनं त्यांना पाहिलं आणि "आबा" म्हणून ओरडत धावत आली. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एक ढाळा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू आईजवळ राहा. मी ह्याला नेतो."

स्टँडवर सुनेच्या भावानं त्यांना गाठलं. ओढाताण झाली, आबांची टोपी पडली, लेकरू घाबरून रडायला लागलं. प्रकरण पोलीस ठाण्यात गेलं आणि अदखलपात्र नोंद झाली. नंतरच्या सगळ्या बैठकांत दोन्ही घरचे लोक त्या टोपीबद्दल बोलायचे: ती पडली की पाडली. नातीच्या लक्षात मात्र वेगळंच राहिलं होतं. ते कळायला दीड महिना गेला.

समोरचे पर्याय

आबा वकिलाकडं गेले. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली ताब्यासाठी अर्ज करता येतो, आजोबांनाही. पण कलम ९ नुसार तो अर्ज लेकरू जिथं राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करावा लागतो, म्हणजे प्रत्येक तारखेला नांदेडची वारी. शिवाय हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार वडिलांच्या पश्चात आई हीच नैसर्गिक पालक, आणि पाच वर्षांखालचं लेकरू सर्वसाधारणपणे आईकडंच राहतं. नातू चार वर्षांचा होता. आबांना कुणीतरी सांगितलं होतं की सर्वोच्च न्यायालयानं आजी-आजोबांच्या बाजूनं निकाल दिलाय. २०२२ मध्ये तसा निकाल आहे, पण त्या प्रकरणात मुलाचे आई-वडील दोघंही करोनात गेले होते आणि वाद मावशीशी होता. इथं आई धडधाकट होती, लेकरं नीट सांभाळत होती. वकील प्रामाणिक निघाले. "ताबा मिळायचा न्हाई, भेट मिळंल, पण तोवर लेकरू तुम्हाला विसरंल," एवढंच त्यांनी सांगितलं. असं तोंडावर सांगणारा वकील मिळणं हीही नशिबाचीच गोष्ट.

दुसरा पर्याय भावकीच्या बैठकीचा. तो सगळ्यांत स्वस्त आणि लवकरचा, म्हणून सगळ्यांत आधी वापरला गेला. फेब्रुवारीत दोन्हीकडचे पाच-पाच लोक बसले आणि तोडगा निघाला: पोरगा आबांकडं, पोरगी आईकडं. वाटणीच ती, जमिनीसारखी. हा तोडगा जवळजवळ पक्का झाला होता, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आबा खूश. नानाही नाइलाजानं तयार, कारण लेकीचं दुसरं लग्न करायचं तर एका लेकरासह स्थळ मिळणं सोपं, आणि मुलगी आईजवळ असली की कुणी फार हरकत घेत नाही. बैठकीला सून नव्हती. तिला निर्णय सांगितला गेला तेव्हा तिनं जेवण सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या आशाताईंना सोबत घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीत आली.

तिसरा पर्याय काहीच न करण्याचा: काळ जाऊ द्यावा, आपोआप राग निवळेल. सुनेच्या आईचं हे मत होतं. वयस्क माणसाच्या बाबतीत ते चालतंही. चार वर्षांच्या लेकराच्या बाबतीत नाही, कारण त्या वयात एक वर्ष म्हणजे त्याच्या सगळ्या आठवणींएवढं.

चौथा पर्याय दाखलपूर्व मध्यस्थीचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. दावा दाखल करण्याआधी दोन्ही बाजूंना बसवता येतं, आणि जे ठरेल ते लोकअदालतीत ठेवून त्याला हुकूमनाम्याचं बळ देता येतं. हाच मार्ग घेतला.

निर्णयाच्या जागा

पहिला निर्णय: आधी कशावर बोलायचं? आबांना भेटीवर बोलायचं होतं, सुनेच्या भावाला जमिनीवर. मध्यस्थ म्हणून आम्ही जमीन आधी घेतली. यावर मतभेद होऊ शकतो. लेकराची भेट तातडीची आणि जमीन कुठं पळून जात नाही, असं कुणी म्हणेल. पण जोवर जमीन लोंबकळत होती तोवर भेटीची प्रत्येक मागणी जमिनीची चाल वाटत होती. आबा "नातवाला ताप आलाय का" असं विचारायचे आणि पलीकडचा माणूस त्यात सात-बारा वाचायचा.

आबांची खरी भीती विक्रीची होती. त्यावर कायद्यातच उत्तर होतं: अज्ञान मुलाची जमीन नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या आधीच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकलीच तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. म्हणजे नातवंडांचे ६० गुंठे कुणाच्या मर्जीवर नव्हते. हे मंडळ अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकल्यावर आबांनी हरकत मागं घेतली. फेरफार मंजूर झाला, सात-बारावर नातवंडांच्या नावापुढं "अ.पा.क. आई" (अज्ञान पालनकर्ती आई) लागलं, आणि आजीचंही नाव आयुष्यात पहिल्यांदा जमिनीच्या कागदावर आलं.

दुसरा निर्णय: लेकरांचं ऐकायचं की नाही, आणि कुठं? भावकीच्या मते लहान लेकरांना काय कळतं. कार्यालयात बोलावलं असतं तर तिथं मामा, नाना, आई सगळे दाराबाहेर उभे. म्हणून नातीशी तिच्या शाळेतच, वर्गशिक्षिका शेजारी असताना बोललो. "तुला कुठं राहायचंय" हा प्रश्न विचारला नाही. नऊ वर्षांच्या मुलीला आई आणि आजोबा यांच्यात निवड करायला लावणं हा अन्याय आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी ते तिला जन्मभर पुरतं. गावाकडच्या गप्पा चालल्या होत्या. तिची शेळी, आबांच्या मागं औतावर बसणं, हुरडा. मध्येच तिनं विचारलं, "आबांनी मला मागितलंच न्हाई ना?"

शिक्षिका उठून खिडकीपाशी गेल्या.

हे आबांना सांगायचं का, हा तिसरा निर्णय, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक. लेकराचे शब्द पुढच्या बैठकीत हत्यार म्हणून वापरले जाण्याचा धोका असतो. सुनेच्या भावाला हे कळलं असतं तर त्यानं ते आबांच्या तोंडावर फेकलं असतं. म्हणून आधी नातीला विचारलं, सांगू का. ती म्हणाली, सांगा. मग फक्त आबा-आजींना, त्यांच्या गावी जाऊन सांगितलं.

आबांचं पहिलं उत्तर ठरलेलंच होतं: "लेकीची जात. उद्या परक्या घरी जायची, आईजवळच बरी." त्यावर आजी, जी तोवर एकाही बैठकीत चार वाक्यांपेक्षा जास्त बोलली नव्हती, म्हणाली, "पोरगी तुमच्या ताटात जेवत व्हती की रोज. तवा न्हाई सुचली जात?"

आबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या बैठकीला ते धाकट्या मुलाचा मोबाईल घेऊन आले. नातीची शेळी व्याली होती, दोन करडांचा फोटो होता. तो नातीला दाखवायचा म्हणून ते बैठक सुरू व्हायच्या आधीपासून दारात उभे होते. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा "नातू" न म्हणता "लेकरं" म्हटलं. पोरगा इकडं, पोरगी तिकडं हा तोडगा तिथंच संपला. तो कुणी फेटाळला नाही, फक्त पुन्हा कुणी काढला नाही.

चौथी जागा नानांची. सगळ्यांचं लक्ष आबांच्या दुःखाकडं होतं, त्यामुळं दुसरा आजोबा नजरेआड राहिला होता. नाना रोज पहाटे नातवाला सायकलच्या दांडीवर बसवून दूध घालायला डेअरीत न्यायचे. त्यांच्या मनात एकच भीती होती: सुट्टीला म्हणून पाठवलं आणि परत धाडलंच नाही तर? शाळेपाशी घडलेल्या प्रसंगानंतर ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. आबांना कितीही वचनं द्यायला लावली असती तरी ती गेली नसती. मग दोघा व्याह्यांनाच, बाकी कुणी नको, असं बसवलं. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा बैलांच्या भावाबद्दल बोलत होते.

ठरलेली व्यवस्था

लेकरं आईकडं, हे स्पष्ट. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आबा-आजींनी लेकरांना भेटायला माहेरच्या गावी यायचं आणि नानांच्या घरीच उतरायचं. शाळेत किंवा अंगणवाडीत परस्पर जायचं नाही. पहिले काही महिने फक्त दिवसाची भेट, मग एक रात्र, आणि वर्षाअखेरीच्या वेळा अमावस्येला आबांच्या गावी दोन रात्री. नेणं-आणणं नाना करणार. गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल, तोही नातीच्या हातात फोन देऊन. नातू दोन मिनिटांत पळून जायचा, नात अर्धा तास बोलायची.

सुनेचे आणि लेकरांचे मिळून ९० गुंठे आबांनी बटईनं करायचे, अर्ध्या वाट्यावर, दरवर्षी कागद करून. पैशाचा मुद्दा असा सुटला: अनुदानाचे दोन लाख सुनेकडंच, त्यातले निम्मे लेकरांच्या नावे ठेव. उधारी आबांची. याशिवाय बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करायला सुनेला मदत केली. दर मुलामागं महिना २,२५० रुपये मिळणारी ही योजना एक पालक गमावलेल्या मुलांनाही लागू आहे, आणि तिची माहिती दोन्ही घरांत कुणालाच नव्हती. हे सगळं लिहून लोकअदालतीत ठेवलं. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. मात्र लेकरांच्या ताब्या-भेटीचं जे ठरतं ते दगडावरची रेघ नव्हे, परिस्थिती बदलली की ते बदलून मागता येतं. हे दोन्ही बाजूंना वाचून दाखवलं.

पुढं काय झालं

भेटी सुरू झाल्या आणि पहिल्याच महिन्यात आबा दुखावले. नातू त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसायचा आणि नानांकडं पळायचा. आडनाव आपलं, तोंडवळा आपल्या लेकाचा, आणि पोरगं दुसऱ्याच म्हाताऱ्याच्या धोतराला लोंबकळतंय, हे त्यांना बघवत नव्हतं. पुढच्या रविवारी तर त्यांनी "येत न्हाई" म्हणून निरोपही धाडला. आजी एकटी गेली. नातीनं आजीला विचारलं, आबा का नाही आले, आणि मग त्यापुढच्या रविवारी आबा आले. सोबत एक करडू. एसटीत करडू कसं आणलं, हे कंडक्टरला माहीत.

दुसरा खटका हिशोबाचा. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि आडतीवर भाव त्याच्या बराच खाली. आबांनी वाट्याचे पैसे पाठवले तेव्हा सुनेच्या भावानं हमीभावानं गुणाकार करून बघितला आणि "म्हातारा फसवतोय" म्हणाला. भेटी पुन्हा बंद पडायच्या बेतात होत्या. उपाय साधा निघाला: धाकट्या दिरानं आडत्याच्या पट्टीचा फोटो काढून वहिनीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तोलाई, हमाली, भाव, सगळं त्यात. तेव्हापासून प्रत्येक पट्टी आली की तिचा फोटो जातो.

३० डिसेंबर २०२४ च्या वेळा अमावस्येला लेकरं आबांच्या शेतात होती. नानाही होते, आणि ते तिथं पहारेकरी वाटले नाहीत, कारण त्या दिवशी पाहुण्याला शेतात बोलावणं ही रीतच. पहिल्या रात्री नातू नानांजवळ झोपला. दुसऱ्या रात्रीही. आबांनी ते चालवून घेतलं. नात आबांच्या गोधडीत.

सून आली नव्हती. तिला त्या शेतात जायचं नव्हतं, आणि कुणी आग्रह धरला नाही हे बरं झालं.

२०२५ च्या उन्हाळ्यात तिला एक स्थळ आलं. माणूस दोन्ही लेकरांसह करून घ्यायला तयार होता, गाव आणखी लांब. आबांना ते कळलं तेव्हा त्यांचा प्रश्न आडनावाचा होता: पोराचं नाव बदलणार का? यावर जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल नेमका अशाच वादातला आहे. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर आईनं दुसरं लग्न केलं, मुलाच्या आडनावावरून आजी-आजोबा न्यायालयात गेले, आणि आडनाव ठरवण्याचा अधिकार नैसर्गिक पालक म्हणून आईचा, असं न्यायालयानं सांगितलं. आबांना हे जसंच्या तसं सांगितलं, गोड करून नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र त्यांना दिलासा होता आणि सुनेलाही: दुसरं लग्न केलं म्हणून एकदा मिळालेला वारसा तिच्याकडून जात नाही, आणि लेकरांचा वाटा तर आडनावावर अवलंबूनच नाही. ते स्थळ पुढं सरकलं नाही. कारण आम्ही विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाटाचा विषय निघाला त्याच दिवशी सासूनं किंवा आबांनी "हे आमच्या घरात होणार नाही" एवढं एक वाक्य बोललं असतं तर सून कदाचित परतली असती. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं गप्प बसणाऱ्याला वाटतं. ऐकणाऱ्या बाईला तसं वाटत नाही.

वारस नोंदीचं काम दुखवट्यात कुणी काढत नाही, आणि तेच चुकतं. सव्वा महिन्याच्या आतच गावातल्या एखाद्या जाणत्यानं दोन्ही व्याह्यांना शेजारी बसवून कुणाचा किती वाटा हे सांगितलं असतं, तर आबांच्या कानात दुसऱ्या कुणी काही घालायला जागा उरली नसती. बाप पहिल्या वर्गाचा वारस नाही आणि अज्ञान मुलाची जमीन सहज विकता येत नाही, या दोनच गोष्टी.

कराराच्या कागदात आईच्या पुढच्या लग्नाबद्दल एकही ओळ नाही. त्या वेळी तो विषय काढणं सुनेला लागलं असतं, म्हणून दोन्ही बाजूंनी तो टाळला. पण भेटीचं सगळं गणित "माहेरच्या गावी" या दोन शब्दांवर उभं आहे. ती उद्या दुसऱ्या गावी गेली की ते कोसळतं. अशा कागदात गावाचं नाव न लिहिता "लेकरं जिथं राहत असतील तिथं किंवा दोघांना सोयीच्या ठिकाणी" असं लिहिणं शहाणपणाचं. हा बदल करून घ्यायला दोन्ही घरं आता तयार आहेत, आणि यावेळी त्या बैठकीला सून स्वतः असणार आहे.

राहिली शाळा. अंगणवाडी सेविकेनं आईला फोन लावला होता, तो लागला नाही, पुढं काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. वडील गेलेल्या, आई माहेरी आलेल्या लेकराचं नाव घालतानाच आईकडून लेखी घ्यावं: लेकराला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांचे फोन नंबर, आणि एखादा नंबर लागला नाही तर दुसरा कुणाचा. त्या शाळेत ते आता घेतात. यादीत या दोन लेकरांच्या नावापुढं आई, मामा आणि नाना आहेत. आबांचं नाव घालायचं की नाही हे सुनेनं अजून ठरवलेलं नाही.